काटा शून्यावर

भूकंप तसा काहीच नव्हता. लुएलाच्या खानावळीत दुपारची गर्दी होती, मी माशाच्या सूपमध्ये बिस्किटं चुरत होते, आणि समोरच्या कॉफीवर बारीक बारीक वर्तुळं उठली. मग खिडकीच्या काचा किणकिणल्या. भिंतीवरच्या मूस हरणाच्या शिंगाला कुणीतरी अडकवलेली टोपी खाली पडली. अँकरेजमध्ये जन्म काढलेला माणूस एवढ्यासाठी हातातला घास खाली ठेवत नाही. सगळ्यांनी सवयीनं छताला टांगलेल्या दिव्याकडे पाहिलं. दिवा किती झोके घेतो त्यावर आम्ही उठायचं की बसायचं ते ठरवतो. दिवा जेमतेम हलला. लुएला कॉफीचं भांडं तसंच हातात धरून उभी राहिली, आणि ते सगळं थांबलंच. मी दिव्यावरून नजर खाली आणली तर समोर बसलेला माझा धाकटा भाऊ रोलंड दिव्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. दोन्ही तळवे टेबलावर पालथे दाबलेले, मान पुढे काढलेली. भ्यायला असता तर मला कळलं असतं, भ्यायलेले पायलट मी पुष्कळ पाहिलेत. पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. हरवलेलं माणूस दारात दिसावं तसा, उघडा, लाज न वाटणारा आनंद.

"तुलाही जाणवलं ना?" तो म्हणाला. "डोरीन, आत्ता जाणवलं ना तुला?"

लुएला हसली. "अरे बाबा, अख्ख्या शहराला जाणवलं. तुझ्या एकट्याचा भूकंप होता की काय?"

शेजारच्या टेबलावरचं कुणीतरी म्हणालं, "रोली, आम्हालाही विचार की रे. आम्ही काय मेलोत?" मग सगळेच हसले. रोलंडही हसला, पण जरा उशिरानं, आणि तळवे टेबलावरून उचलून मांडीवर घेतले. उद्या न्यायची आहेत ती पार्टलो मंडळी सामानाचं वजन करायला येतील, जातो, असं म्हणून त्यानं अर्धं सूप टाकलं आणि तो निघून गेला. काचेतून मला तो धावपट्टीच्या कुंपणाच्या कडेनं जाताना दिसला. खांदे वर चढवून चालतो तो, लहानपणापासून, थंडी असो नसो.

मी तिथंच बसून राहिले. सूप निवत गेलं. 'जाणवलं ना?' हा प्रश्न काही आजचा नव्हता. सबंध उन्हाळा तो मला हेच विचारत होता. जूनमध्ये तो विमान घेऊन माझ्या दुरुस्तीच्या शेडच्या दारात आला तेव्हाही त्यानं इंजिन बंद करून खाली उतरण्याआधी, दार अर्धं उघडून, पहिलं वाक्य टाकलं होतं ते हेच. थरथर आहे, डोरीन. तुला उभ्या जागी जाणवली ना? मला जाणवली नव्हती. पण इंजिनाच्या थरथरीचं असं असतं की ती शेडच्या दारात उभ्या असलेल्या बाईला नाही, विमानात बसलेल्या माणसाला कळते. म्हणून आधी माणसाला बोलतं करावं लागतं. माझे वडील हे शिकवताना म्हणायचे, पान्याला हात लावण्याआधी तोंड चालव. कुठं जाणवते, पायात की पाठीत? चढताना की उतरताना? हात ढिला सोडल्यावर वाढते की कमी होते? इंजिन गार असताना आहे की तापल्यावर? पाठीत असेल तर नाकावरचा पंखा, पायात असेल तर इंजिन बसवलेले रबरी गट्टे, मध्येच अडखळल्यासारखी असेल तर ठिणगी नाही तर पेट्रोल, असा वडिलांचा ढोबळ हिशेब होता आणि तो बहुतेक वेळा बरोबर यायचा. मी रोलंडला सगळं विचारलं. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली, शहाण्या पोरासारखी, माझ्या तोंडाकडे बघत. एकच गोष्ट मी विचारली नाही, आणि ती आमच्या विमानांच्या मैदानावर कुणीच विचारत नाही.

प्लग काढून पाहिले. एकावर काजळी होती, बदलला. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला, जुन्या इंजिनाच्या मानानं उत्तम होता. पेट्रोलच्या बारीक तोट्या काढून उकळत्या पाण्यात घातल्या. तो उडवून आला आणि म्हणाला, आहे अजून. जुलैमध्ये गट्टे बदलले; खालचे दोन बसले होते खरे, इंजिन नाकाकडून करंगळीएवढं खाली आलं होतं, आणि मला वाटलं, सापडलं. नव्या गट्ट्यांवर इंजिन सरळ उभं राहिलं ते बघताना मला बरं वाटलं होतं. तो उडवून आला. आहे अजून. पंख्याच्या टोकाशी जमिनीत काठी रोवली आणि हातानं पंखा फिरवला. दोन्ही पात्यांची टोकं काठीला एकाच जागी लागली. पंखा सोडवून अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावला. अजून आहे. मग मी ते समतोल साधायचं यंत्र मागून आणलं. इंजिनावर एक डबी बसवायची, इंजिन चालवायचं, काटा थरथर किती आणि कुठल्या अंगाला ते दाखवतो, त्याच्या उलट्या अंगाला पंख्याच्या टोपणामागे वॉशर अडकवत जायचं. एक वॉशर, दोन वॉशर. काटा उतरत उतरत शून्याला टेकला. असं गुळगुळीत इंजिन त्या मैदानावर दुसरं नसेल. वरच्या पत्र्यावर नाणं उभं केलं असतं तरी राहिलं असतं. रोलंड तासभर उडवून आला, उतरला, पाठमोरा उभा राहून हातमोजे काढत म्हणाला, "आहे अजून."

त्या दिवशी मी चिडले. म्हटलं, "यंत्र खोटं बोलतंय का?"

"यंत्र खरंच बोलत असेल."

"मग कुठं आहे थरथर? तुझ्या डोक्यात?"

"असेल," तो म्हणाला. "बघ ना तू अजून एकदा."

आणि मी मनाची समजूत घातली ती अशी, की रोलंड थकलाय. बायको गेल्या वर्षी सोडून गेली, तळ्याकाठच्या घरात एकटा असतो, एका विमानावर पोट आहे, माणसाच्या अंगात काहीबाही थरथरणारच. हे मी लुएलाला बोलूनही दाखवलं होतं. ती म्हणाली होती, त्याला एखादी बाई बघून द्या. आम्ही दोघी हसलो होतो. एखादी गोष्ट न बघायची असली की माणसाला किती चटकन दया येते! मला त्याची दया येत राहिली आणि त्या दयेत माझे जुलै-ऑगस्ट बरे गेले.

पण आज त्याचा चेहरा मी पाहिला होता. थरथर मनातली असती तर खरी जमीन हलल्यावर माणूस दचकेल, घाबरेल. हा सुखावला होता. कारण क्षणभर, एकदाच, दोघांना एकच गोष्ट जाणवली होती. तो चेहरा मला ओळखीचा वाटत होता आणि कुठला ते आठवेना. लुएलानं न विचारता ब्ल्यूबेरी भरून भाजलेल्या पायचा तुकडा आणून ठेवला आणि त्याच्या जांभळ्या रसाकडे बघताना आठवलं. चौसष्ट सालचा मोठा भूकंप. गुड फ्रायडेची संध्याकाळ, मी चौदा वर्षांची, रोलंड सात. आई चर्चच्या मिशनमध्ये गेलेली, वडील मैदानावर. जमीन समुद्रासारखी उठायला लागली तेव्हा मी त्याला काखोटीला मारून बाहेर पळाले आणि आम्ही दोघं अंगणातल्या बर्फात पालथे पडलो. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. रोलंड माझ्या कानाशी काहीतरी ओरडत होता. घराचं धुराडं कोसळलं, रस्त्यात भेग पडली, आणि ते संपेचना, आणि हा ओरडतोय. मी विचारलं, "काय? काय म्हणतोस?" तर म्हणाला, "मी केलं! मी केलं!" दुपारी त्यानं वडिलांचं भिंग घेऊन फोडलं होतं आणि काचा गादीखाली लपवल्या होत्या. त्याला वाटलं होतं, हे सगळं त्याचंच चाललंय. आणि मी "काय म्हणतोस" असं विचारलं तेव्हा, सगळं शहर मोडत असताना, त्या पोराच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी आज दुपारी सुपाच्या वाटीपलीकडे पाहिलं.

मला तो तुकडा खाववेना. मे महिन्यात रोलंड नवा पंखा लावून आला होता. नवा म्हणजे दुसरा कुणाचा तरी जुना, रंग दिलेला. आधीचा चढताना दमत होता, म्हणाला. स्वतःच तळ्यावरच्या शेडात बसवला, बोल्ट तेवढे तू तपास. मी तपासले आणि सही केली. पात्यांवरचा काळा रंग इतका ताजा होता की बोटाला वास लागला. जुना पंखा कुठाय, असं मी विचारलं नाही. त्याच्याकडे पाहिलं, रंगाकडे पाहिलं, आणि पाना पिशवीत टाकला.

आमच्याकडच्या पायलटला काहीही विचारा, घटस्फोटाचं विचारा, दारूचं विचारा. 'आपटलास का' असं विचारायचं नाही. इथं धावपट्ट्या कमी आणि नद्या फार. नदीतल्या खडीच्या बेटांवर उतरायचं, वाळू भुसभुशीत निघाली की शेपटी वर जाते आणि पंखा खडीत घुसतो. पुढची गोष्ट सगळ्यांची सारखीच असते. पंखा काढायचा, ओंडक्यावर ठेवायचा, कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून सरळ करायचा, लावायचा आणि घरी यायचं. पाच-दहा वर्षांनी ही गोष्ट बारमध्ये सांगायची असते, हातवारे करून, आणि ऐकणाऱ्यांनी पुढची बियर द्यायची असते. मीही कित्येकदा हसलेय अशा गोष्टींना. या गोष्टीत इंजिनाचं काय झालं ते कधी नसतं. फिरता पंखा खडीत अडून थांबला की तो झटका जातो मागे, ज्या दांड्यावर पंखा बसतो त्या क्रँकमध्ये. दांड्याला केसाएवढा तडा पडला तर तो बाहेरून दिसत नाही. इंजिन काढून, उघडून, दांडा तपासायला पाठवावा लागतो. नियम तसाच आहे आणि त्यात कुणाचं दुमत नाही. पण मेमध्ये इंजिन उघडलं म्हणजे ते सप्टेंबरला मिटतं, आणि आमच्या पायलटांचं वर्ष मे ते सप्टेंबर एवढंच असतं. म्हणून सांगत नाहीत. आणि सांगत नाहीत म्हणून विचारत नाहीत.

वडील पूर्वी विचारायचे. मर्ल नावाचा एक पायलट होता, उंच, नेहमी शीळ घालणारा, मला मूसच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या आणून द्यायचा. एकदा त्याच्या विमानाखाली पडून वडील काहीतरी बघत होते आणि तिथूनच, चार माणसांसमोर, ओरडले, "मर्ल, कुठं आपटलास?" मर्ल म्हणाला, "कुठं नाही." वडील बाहेर आले आणि म्हणाले, "मी तुझ्या तोंडाकडे बघून विचारतो." मर्लनं पुन्हा नाही म्हटलं. मग त्यानं विमान तसंच बाहेर काढलं आणि दुसऱ्या गावच्या मेकॅनिककडे नेलं, जो विचारत नसे. शरद संपता संपता खिंडीवर त्याचा पंखा दांड्याच्या टोकासकट निसटला, आणि तो परत आला नाही. वडिलांनी ती बातमी ऐकून कोट घातला, काढला, पुन्हा घातला. त्यानंतर त्यांनी कधीही कुणाला विचारलं नाही. मी शेडमध्ये कामाला लागले तेव्हा मला म्हणाले, "विचारलंस की जातात. न विचारता हाताशी ठेव. आपल्याकडे येत राहिले तर काहीतरी नजरेला पडेल, दुसरीकडे गेले की संपलं." वीस वर्षं मी हेच केलंय. कित्येक विमानांची इंजिनं मी दुसरंच काही निमित्त काढून उघडायला लावली, पायलटची अब्रू राखून. मला वाटायचं हे शहाणपण आहे. अजूनही वाटतं, सगळ्यांच्या बाबतीत. रोलंड सगळ्यांतला होता का, हे मात्र मी स्वतःला विचारलं नव्हतं.

मी कुंपणाच्या कडेनं शेडकडे निघाले. उन्हाळा संपत आला होता, कुंपणालगतच्या गुलाबी तुऱ्यांचा कापूस होऊन उडत होता. डोक्यात आता मी वेगळाच हिशेब घालत होते आणि तो थांबत नव्हता. काटा शून्यावर आणला कुणी? मी. तडा असेल तर दांडा थोडा थोडा वाकायला लागतो, पंखा वेडावाकडा फिरतो, आणि इंजिन थरथरून तेच सांगायला लागतं. मी वॉशर अडकवून त्याचं तोंड बंद केलं. यंत्रानं शून्य दाखवलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. तडा नसेलही. शंभरातल्या नव्वद दांड्यांना नसतो, बारमधल्या गोष्टी सांगायला माणसं उरतात ती त्यामुळेच. मी चालता चालता तडा नाहीच असं धरून पाहिलं आणि तरी पाय हलके होईनात. रोलंडला विचारलं आणि तो मर्लसारखा 'नाही' म्हणाला तर? विमान उचलून दुसरीकडे गेला तर? वडिलांकडून एक पायलट गेला होता. माझा भाऊ जाईल. आमचं दोघांचं आता दुसरं कुणी नाही. विचारलं नाही तर तो उद्या सकाळी पार्टलो मंडळींना घेऊन डोंगरापलीकडच्या नदीकाठच्या गावी जाईल आणि बहुधा संध्याकाळी परत येऊन म्हणेल, आहे अजून. त्या 'बहुधा'वर मी उन्हाळाभर झोपले होते.

पार्टलो मंडळी शेडबाहेर होतीच. ऑगस्टमध्ये गावोगावच्या शाळा उघडतात आणि मास्तरणी अशा खोकी घेऊन मैदानावर बसलेल्या दिसतात. एलेन पार्टलो त्या गावच्या शाळेत शिकवते, नवरा गॅरेट तिथंच जनरेटर बघतो, आणि टेस म्हणून त्यांची मुलगी, तीनेक वर्षांची. पीठ, पुस्तकं, डायपरची शेवटची खोकी, एक गिटार. एकेक खोकं वजनकाट्यावर चढत होतं. टेसला स्वतःचं वजन करून घ्यायचं होतं म्हणून ती काट्यावरून उतरायला तयार नव्हती. एलेननं मला बघून हात केला. "हवा बरी आहे ना उद्या?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हवा बरी आहे.

रोलंड आत होता, विमानाच्या मागच्या बाकाचे पट्टे ओढून बघत होता. माझ्या बुटांचा आवाज त्यानं ओळखला असणार, पण वळला नाही. मी नाकाशी जाऊन उभी राहिले. पंख्याच्या पात्यावर हात ठेवला. गार होतं, स्थिर होतं. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते: मला परत लुएलाकडे जाऊन तो ब्ल्यूबेरीचा तुकडा खावासा वाटला.

"काटा शून्यावर आहे," मी म्हणाले.

"माहितेय."

"तरी तुला जाणवतंय."

"हो."

"रोली, कुठं आपटलास?"

पट्ट्याचं बक्कल वाजलं आणि मग त्याचा हात थांबला. त्यानं 'नाही' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. मग तो तसाच, विमानात डोकं घातलेला, बोलायला लागला, आणि त्याचा आवाज इतका साधा होता की तो वर्षानुवर्षं मला हेच सांगत आलाय असं वाटावं.

"मेमध्ये. वरच्या वळणाशी, खडीच्या बेटावर. मासेमारीवाल्यांना सोडून रिकामा निघालो होतो. चाक रुतलं."

"पाती किती वाकली?"

"एक वीतभर. दुसरं जरा कमी."

"इंजिन चालू होतं?"

"जोरात होतं. तिथंच अडलं. एकदम."

मी पात्यावरचा हात काढून घेतला. एकदम अडलेलं इंजिन. याच्याहून वाईट उत्तर त्या प्रश्नाला नाही.

"ओंडका, कुऱ्हाड," तो म्हणाला. "तुला ठाऊकच आहे. आलो घरी. दुसरा पंखा आणला."

"सांगायचंस ना मला," मी म्हणाले, अगदी हळू, मोठ्या बहिणीच्या समजूतदार आवाजात. माझ्या त्या आवाजाची मला आता लाज वाटते. कारण त्यानं डोकं बाहेर काढलं आणि मी त्याला कधी इतका संतापलेला पाहिला नव्हता.

"तू विचारायचंस ना!" तो ओरडला. मग बाहेर पार्टलो आहेत हे आठवून आवाज खाली आणला, तो तर जास्तच वाईट. "प्लग काढलेस. गट्टे बदललेस. पंखा फिरवून लावलास. पाय का पाठ, चढताना का उतरताना, सगळं सगळं विचारलंस. मी प्रत्येक वेळी म्हणतोय, आता विचारेल. आता विचारेल. बाई, तू त्या नव्या रंगाकडे बघितलंस! मी तुला बघताना बघितलं!"

"डॅड म्हणायचे..."

"डॅड गेले. मी उडतोय. माणसं घेऊन उडतोय."

"मग उडायचं नव्हतंस!"

"नव्हतं. माहितेय मला. रोज सकाळी म्हणायचो, आज जाऊन सांगतो. तोंडातून निघायचं ते हेच, थरथर आहे. दुसरं काही निघायचंच नाही, डोरीन. तू विचारलं असतंस तर मला नाही म्हणता आलं नसतं. तुला कधी नाही म्हणालोय मी?"

नव्हता म्हणाला. मर्ल निघून गेला होता. हा पुन्हा पुन्हा येत राहिला होता, काटा शून्यावर आल्यावरसुद्धा, आणि मी त्याला बाई बघून द्यायच्या गप्पा मारत होते. मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही. त्यानं चिंधी पुढे केली, तेलाची, आणि मी तिनं तोंड पुसलं.

"इंजिनात काहीच नसेल," तो म्हणाला. "खरंच काही नसेल. थरथरत नाहीये ते. मला जाणवतं ते, इंजिन चालू नसतानाही जाणवतं. जेवताना. अंथरुणात."

"दांडा काढल्याशिवाय कळणार नाही."

"काढ."

"हंगाम गेला तुझा."

"काढ म्हणतो ना."

मी पाना घेतला. टोपणाचे स्क्रू सोडवायला लागले, वॉशर एकेक करून तळहातावर पडत गेले. तो पातं धरून उभा राहिला, म्हणजे पंखा फिरू नये. असं आम्ही लहानपणी वडिलांसाठी उभे राहायचो. मग मला विचारावंसं वाटलं ते विचारलं. "कुणाकुणाला नेलंस यातून?"

तो आठवत राहिला, किंवा आठवायची गरज नसावी. टपाल. दवाखान्यात आणलेली एक म्हातारी. शिकारी. "आणि हे," त्यानं मान दाराकडे वळवली. "मेच्या शेवटी शाळा सुटल्यावर यांनाच गावाहून आणलं. खिंडीवरून. टेस पूर्ण वेळ एलेनच्या मांडीवर झोपली होती." पातं सोडून त्यानं हात पुसले. "मी सांगून येतो त्यांना."

"मी येते."

"नको. तू विचारलंस. सांगायचं माझं मी."

तो बाहेर गेला. मी दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले. धावपट्टीवरून कुणाचं तरी विमान चढत होतं, त्या आवाजात शब्द ऐकू येईनात. गॅरेट पार्टलो खिशात हात घालून ऐकत होता. आधी तो मान हलवत होता, उशीर होणार म्हणून समजून घेणारा माणूस हलवतो तशी. मग मान थांबली. रोलंडनं आपला तळवा आडवा धरला आणि बोटं हळूहळू खाली वाकवून दाखवली. गॅरेटनं काहीतरी विचारलं. रोलंडनं होकार दिला. गॅरेटनं पुन्हा विचारलं, बोटानं डोंगरांकडे दाखवून, आणि रोलंडनं पुन्हा होकार दिला. एलेन खोक्यांवर बसलेली होती. ती उठली, काट्यापाशी गेली आणि टेसला उचलून घेतलं. पोर मोठी झाली होती, कडेवर मावत नव्हती, पाय लोंबत होते. तिनं तिला घट्ट धरलं आणि अशी वळून उभी राहिली की तिची पाठ माझ्या भावाकडे आली. रोलंड हलला नाही. ते चढणारं विमान दूर गेलं.

मग ती शेडकडे आली. पोरीला घेऊनच आली. माझ्या अंगावरून तिनं आत पाहिलं, उघडं पडलेलं विमानाचं नाक पाहिलं, आणि माझ्या हातातले वॉशर पाहिले. ती काही रागावलेली दिसत नव्हती. बाहेरगावची बाई, आमच्या रीती तिला ठाऊक नाहीत. वर्गातल्या पोराला विचारावं तसं तिनं सरळ विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी विचारलं नव्हतं त्याला," मी म्हणाले.

"ते नाही विचारलं मी."

टेस माझ्याकडे बघत होती. तिच्या केसांत तो पांढरा कापूस अडकला होता. मी म्हणाले, "हो."